बूस्ट ग्लायडरचं किट: जोडणी, मोटर आणि पहिलं उड्डाण. सल्ला हवा

सांजवारा
मंडळी, मुक्काम डॅलसजवळ. बाल्साचं (हलक्या लाकडाचं) बूस्ट ग्लायडर किट आणलंय, म्हणजे रॉकेट मोटरने वर जाऊन मोटरचा पॉड सोडून देणारा आणि मग तरंगत उतरणारा ग्लायडर. तुकडे सुटे केलेत, गोंद अजून लावलेला नाही. पंखांचा विस्तार ३५ सेमी, पंख ३/३२ इंची (२.४ मिमी) बाल्साचे, दांडा १/८ × १/४ इंच बासवूडचा, पुढे पायलनवर (उभ्या टेकूवर) १८ मिमी मोटरचा सुटा पॉड, म्हणजे मोटर बसते ती नळी. साधी रॉकेटं उडवून झालीत, ग्लायडर पहिलाच. सोबत अकरा वर्षांची मुलगी असेल.

विचारायचंय ते असं: जोडताना कुठे चुकतं? पहिल्यांदा कोणती मोटर? दुकानदार सी६-५ घ्या म्हणतोय. आणि पॉडचा हुक घट्ट बसवायचा की सैल? सूचनापत्रात फक्त ‘व्यवस्थित बसवा’ लिहिलंय.

बाल्साभुसा
सी६-५ अजिबात नको. दुकानदार साध्या रॉकेटच्या हिशोबाने बोलतोय. नावातलं अक्षर म्हणजे मोटरची जात (ए लहान, सी मोठी), शेवटचा आकडा म्हणजे मोटर जळून संपल्यापासून इजेक्शनपर्यंतचे सेकंद; इजेक्शन म्हणजे मोटरच्या पुढच्या टोकाचा छोटा बार उडून पॉड सुटतो ते. ग्लायडरला पंख आहेत, हवेचा अडथळा भरपूर, त्यामुळे ज्वलन संपल्यावर तो लवकर मंदावतो आणि माथ्यावर पोचतो. पाच सेकंद थांबलात तर तोवर नाक खाली करून सुसाट येत असेल, आणि त्या वेगात पॉड सुटला की पंख फडफडून मुळाशी मोडतात. बूस्ट ग्लायडरला नेहमी त्या जातीतला सर्वात लहान विलंब घ्या: ए८-३, बी६-२ (नसेल तर बी६-४), सी६-३. शेवटी ० किंवा पी असलेल्या मोटरला हात लावू नका, त्यात पॉड सोडवणारा इजेक्शनचा बार नसतो.

पहिलं उड्डाण ए८-३ वर. ग्लायडर २५ ते २८ ग्रॅम, रिकामा पॉड १२ च्या आसपास, मोटर १६, म्हणजे सगळं मिळून ५५ ग्रॅम धरा. या मोटरला निर्मात्याने दिलेली मर्यादा ८५ ग्रॅम आहे. १/२ए६-२ ची मर्यादा ५७, तिच्यावर हा जेमतेम उचलेल.

सी वर जायची घाई करू नका. ए८ पाऊण सेकंदात जळते, सी६ जवळजवळ १.९ सेकंद. ग्लायडर जरासा वाकडा असला तर ए वर अर्धी गिरकी मारून सुटतो, सी वर पूर्ण फेरी घेऊन जमिनीत घुसतो.

गोंदपट्टी
जोडणीबद्दल. गोंदाच्या आधी पॉलिश पेपर. बहुतेक जण उलटं करतात आणि मग जोडलेल्या पंखाला आकार देता येत नाही.

पंखाची खालची बाजू सपाट ठेवा. वरून सर्वात जाड भाग पुढच्या कडेपासून साधारण एक तृतीयांशावर, तिथून मागे उतरत मागची कड ०.८ मिमीपर्यंत. पुढची कड गोल. आधी २२० नंबरचा कागद, शेवटी ४००, आणि कागद नेहमी लाकडी ठोकळ्याला गुंडाळून. बोटाने घासलं की खड्डे पडतात. दोन्ही पंख दर पाच मिनिटांनी तराजूत टाका, फरक अर्ध्या ग्रॅमच्या आत हवा. नुसत्या डोळ्याला सारखे दिसणारे पंख वजनाला सारखे नसतात.

मग दोन्ही पंखांची वर उचललेली ठेवण, म्हणजे डायहेड्रल. दर बाजूला १०° पुरे. पंख टेबलाच्या कडेला ठेवा, टोक ३ सेमी उचला आणि मुळाची कड उभ्या ठोकळ्याने घासा, कोन आपोआप बरोबर येतो. जोडताना एक पंख पाटावर सपाट दाबला तर दुसऱ्याचं टोक ६ सेमी वर यायला हवं. सांध्याला पिवळा वुड ग्लू, दोनदा: आधी पातळ लावून लाकडात मुरू द्या, सात-आठ मिनिटांनी पुन्हा लावून जोडा.

आडवी शेपटी आणि पंख दांड्याला समांतर, दोघांत जवळजवळ शून्य फरक. ‘शेपटीला थोडा उतार दिला की छान तरंगतो’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तरंगतो खरा, पण रॉकेटच्या वेगात तोच उतार त्याला मागे उलटवतो. रंगही लावू नका. एका बाजूने रंग म्हणजे वाळताना पंख मुरगळणार. खालच्या बाजूला काळा मार्कर फिरवा, आभाळात काळंच सर्वात लांबून दिसतं.

तिरपावात
हुकाबद्दल कुणी बोललं नाही आणि खरी मेख तिथेच आहे. सैल. घट्ट नाही.

इजेक्शन होतं तेव्हा बार नोज कोन (पॉडचं टोक) आणि फीत (पॉडला सावकाश उतरवणारी) पुढे उडवतो, त्याच्या धक्क्याने पॉड मागे रेटला जातो आणि हुकातून निसटतो. ग्लायडर पुढे निघून जातो. म्हणजे हुक असा हवा की पॉड पुढे रेटला तर अडेल, मागे रेटला तर सुटेल. मोटर जळताना पॉड पुढेच ढकलत असतो, त्यामुळे सैल असूनही पडत नाही. मोटर संपल्यावरही नाही, कारण पंखांमुळे ग्लायडर लवकर मंदावतो आणि जड पॉड पुढेच रेटत राहतो.

चाचणी घरीच करा. पॉडमध्ये जळकी मोटर घाला, म्हणजे वजन खऱ्यासारखं. आता (१) पॉड धरून नाक वर करा: ग्लायडर लटकला पाहिजे, पडता कामा नये. (२) ग्लायडर धरून नाक वर करा: पॉड आपल्या वजनाने घसरून खाली पडला पाहिजे. दुसऱ्या चाचणीत पॉड अडला तर खाच ४०० ने घासा आणि मेणबत्तीचं मेण फिरवा. गोंदाचा एक वाळलेला थेंबही पुरतो अडवायला. दमट दिवशी लाकूड फुगतं, म्हणून मैदानावर पुन्हा बघा.

आणि मोटर पॉडमध्ये घट्ट हवी, टेप गुंडाळून इतकी की काढायला पक्कड लागेल. मोटर सैल असली तर बार मोटरच मागे फेकून देतो, पॉड जागेवरच आणि फीत आतच. मग सगळं लोढणं एकत्र खाली.

बाल्साभुसा
+१. याला अमेरिकेतले स्पर्धक ‘रेड बॅरन’ म्हणतात, पॉड किंवा त्याची फीत ग्लायडरला अडकून दोघं गरगरत खाली येतात ते. उपाय: पॅराशूट न वापरता फीत, रुंदीच्या दहापट लांब (४ सेमी × ४० सेमी), सैल घडी. नोज कोन पॉडला बांधणारी दोरी ३० सेमीपेक्षा लांब नको, नाहीतर नोज कोन परत येऊन पंखाला विळखा घालतो. फितीखाली अग्निरोधक कागदाचे तीन तुकडे, ठासून नाही.

सांजवारा
आभार! जोडणी झाली, दोन्ही चाचण्या पास. घरामागे हाताने सोडून पाहिला. दोनदा डोकं वर करतो, थबकतो, मग नाक टाकतो. क्ले (वजनासाठी मऊ माती) लावायची ना? पॉडसकट फेकला होता.

तिरपावात
पॉड काढा! तरंगायच्या वेळी पॉड नसतोच. ग्लायडरचा तोल नेहमी पॉडविना लावायचा.

वारा पडल्यावर, खांद्याच्या उंचीवरून, १२ ते १५ मीटरवरच्या जमिनीकडे नाक रोखून सोडा. फेकायचा नाही, त्याच्याच वेगाने हातातून जाऊ द्यायचा. नीट लागलेला ग्लायडर १० मीटर जातो आणि पोटावर टेकतो. डोकं वर करून थबकत असेल तर नाकाला क्ले, एका वेळी अर्धा ग्रॅम. नाक गुरुत्वमध्यापासून १५ सेमी पुढे असेल तर तेवढ्याने २६ ग्रॅमच्या ग्लायडरचा मध्य जवळजवळ ३ मिमी पुढे सरकतो, म्हणून चिमूटभरच. पतंगासारखा सरळ गोता मारत असेल तर क्ले काढा. क्ले संपली तरी गोता जात नसेल तर आडव्या शेपटीच्या मागच्या कडेवर तोंडाची वाफ सोडून ती अर्धा मिलिमीटर वर वळवा आणि गार होईपर्यंत धरा. याहून जास्त नाही, कारण गोंदपट्टी यांनी वर सांगितलंय तेच.

वळणही हवं, नाहीतर सरळ रेषेत शेजारच्या काउंटीत. उभ्या शेपटीने वळवू नका, वेगात तीच त्याला मळसूत्रासारखं फिरवते. आडवी शेपटी तिरकी लावा: मागून पाहताना डावं टोक २ मिमी उंच ठेवलं तर ग्लायडर डावीकडे वळतो. शेपटी चिकटवून झाली असेल तर डाव्या पंखाच्या टोकाला चण्याच्या डाळीएवढी क्ले. संथ तरंगताना ती बोलते, वर जाताना तिचा फारसा परिणाम होत नाही. वर्तुळ १५ ते २० मीटर व्यासाचं.

गोंदपट्टी
डाव्या टोकाची क्ले नंतर निखळते, हा एकच आक्षेप. वर टेपचा तुकडा लावा.

वात_आणि_वायर
लाँच पॅडबद्दल, कारण जमिनीवरच मोडणारे ग्लायडर कमी नाहीत.

लग, म्हणजे लाँच रॉडवर सरकणारी छोटी नळी, पॉडवर असतो. रॉडवर टेप गुंडाळून किंवा कपड्यांचा चिमटा लावून *पॉडला* आधार द्या. ग्लायडरची शेपटी खालच्या पत्र्यावर टेकवली तर वर सांगितलेली दुसरी चाचणी तिथेच घडते, पॉड घसरून सुटतो. शेपटी अधांतरी लटकली पाहिजे.

इग्नायटरच्या (मोटर पेटवणाऱ्या काडीच्या) वायरी ही सर्वात मोठी कटकट. साध्या रॉकेटला मोटर तळाशी असते, क्लिपा सुटून जमिनीवर पडतात. इथे मोटर वर, शेपटी खाली. क्लिपा सुटल्या की थेट आडव्या शेपटीवर पडतात आणि वर जाणाऱ्या ग्लायडरची शेपटी उपटून घेतात. म्हणून पॅडपासून १५ सेमीवर, ग्लायडरच्या विरुद्ध बाजूला, दुसरी काठी रोवा आणि वायर नोझलच्या उंचीवर तिला टेपने बांधा. क्लिपा तिकडे झुलतात.

रॉड १/८ इंची, ३ फुटी असेल तर खाली लटकणाऱ्या शेपटीसाठी २७ सेमी सोडावे लागतात, कामाचे उरतात ६४. म्हणून वारा ताशी ८ ते १० किमीच्या आत असतानाच उडवा. सुरक्षा नियमांची मर्यादा ताशी २० मैलांची आहे, पण ग्लायडरला ती लावू नका. दांड्याचा वरचा भाग आणि शेपटीचा मध्य अ‍ॅल्युमिनियम टेपने झाका, ज्वाळा तिथूनच जाते.

बाकी नेहमीचं: १५ फूट अंतर, पेटली नाही तर लाँच कंट्रोलरची किल्ली काढून ६० सेकंद थांबणं, सुकं गवत नाही. टेक्सासात काउंटीची आगबंदी आहे का ते आधी बघा. डॅलस एरिया रॉकेट सोसायटीच्या लाँचला गेलात तर मैदान शोधायचा प्रश्नच मिटतो.

पुणेकर_पतंग
जरा विषयांतर. इथे पुण्यात मोटर कशी मिळेल? डॅलसहून येणाऱ्या कुणाच्या बॅगेतून?

बाल्साभुसा
नाही. रॉकेट मोटर विमानात न केबिनमध्ये चालते, न चेक-इन सामानात. किट बिनधास्त मागवा, मोटर नाही. आणि दिवाळीच्या बाणातली दारू काढून पाइपात भरायचा विचारही नको, तो पाइप बॉम्ब होतो.

पुण्यात तोच ग्लायडर बेचकीने उडवा. पॉड आणि पायलन काढा, नाकाखाली लाकडी हुक, १५ सेमी दांडीला ६ मिमी रबराचा फास. पॉड गेल्याने तोल बिघडत नाही, तो मुळातच पॉडविना लावलेला असतो. ३५ सेमीच्या पंखाला पूर्ण ताण देऊ नका. उजवीकडे ४५° कलवून सोडा, वर जाऊन डावीकडच्या वर्तुळात बसतो. सकाळी सातच्या आत, कॉलेजच्या मैदानावर.

सांजवारा
पॉडविना तोल लागला, सव्वा ग्रॅम क्लेवर. डावीकडे मोठ्या वर्तुळात जातो. मोटर घालून मध्य पंखाच्या पुढच्या कडेच्याही १ सेमी पुढे येतोय, हे चालेल?

तिरपावात
चालेल काय, तसाच हवा. वर जाताना मध्य जितका पुढे तितका सरळ. मोटर घालूनही मध्य पंखाच्या मधोमध राहिला असता तर थांबवलं असतं.

ए८-३ वर सरळ गेला आणि पॉड माथ्याजवळ सुटला तर पुढे बी६-२. पाठीकडे उलटत वर गेला तर शेपटीची वळवलेली कड सपाट करा आणि त्याची भरपाई नाकाची थोडी क्ले काढून करा. स्क्रूसारखा फिरला तर पंखाला पीळ आहे: पुढून डोळा लावून बघा, वाफेने उलट मुरगळा.

वात_आणि_वायर
पंखावर फोन नंबर लिहा. डॅलसच्या दुपारी गरम हवेच्या झोतात सापडला तर ए मोटरवरचाही दिसेनासा होतो. सकाळी लवकर उडवा, आणि मुलीला दुर्बीण द्या: एकाने ग्लायडरवर नजर ठेवायची, दुसऱ्याने पॉडवर. दोन्ही एकट्याने बघायला गेलं की पॉड हमखास हरवतो.