जानेवारीत ठरवलेली धावण्याची उद्दिष्टे जुलैत बदलावीत का?

प्रश्न : रंकाळ्याची पहाट

नमस्कार. मी कोल्हापुरातील एका शाळेत सातवी-आठवीला गणित शिकवते. माझे वय ४२ वर्षे आहे. गेली पाच वर्षे मी नियमित धावते. शाळेच्या दिवशी पहाटे पाचला रंकाळ्याच्या काठाने आणि रविवारी शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात. जानेवारीत मी वहीत तीन उद्दिष्टे लिहिली होती : वर्षभरात १,५०० किलोमीटर धावायचे, सप्टेंबरमधील सातारा हिल हाफ मॅरेथॉन दोन तासांच्या आत पूर्ण करायची, आणि पुढच्या जानेवारीत मुंबईची ४२.१९५ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन साडेचार तासांत धावायची.

पहिले तीन महिने चांगले गेले. अनुक्रमे १३५, १३० आणि ११५ किलोमीटर झाले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उजवी नडगी आतल्या बाजूने दुखू लागली. त्याच सुमारास वार्षिक परीक्षा, पेपर तपासणी आणि निकालाची कामे आली. मे महिन्यात सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि पहाटेचा जो वेळ माझा होता, तो त्यांचा व्यायाम, औषधे आणि घरातल्या सगळ्यांचे डबे यांत जाऊ लागला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या आता काठी न घेता अंगणापर्यंत जातात, याचा मला आनंदच आहे. परंतु एप्रिलमध्ये ४०, मेमध्ये २५ आणि जूनमध्ये ७५ किलोमीटरच धावणे झाले. जूनअखेरची बेरीज ५२० होते, ती ७५० व्हायला हवी होती. उरलेले ९८० किलोमीटर सहा महिन्यांत पूर्ण करायचे, तर दर महिन्याला १६३ आणि दर आठवड्याला जवळजवळ ३८ किलोमीटर पडतात. जूनमध्ये माझी आठवड्याची सरासरी साडेसतरा होती.

फेब्रुवारीत मी १० किलोमीटर ५५ मिनिटे ४० सेकंदांत धावले होते. गेल्या रविवारी त्याच अंतराला ५८ मिनिटे लागली. नडगी पहिले दोन किलोमीटर जाणवते, मग शांत होते आणि संध्याकाळी शाळेचा जिना उतरताना पुन्हा आठवण करून देते.

दोन तासांचा आकडा मी जानेवारीत तेव्हाच्या सातवीच्या वर्गाला उत्साहाने सांगितला होता. ती मुले आता आठवीत आहेत आणि अजून विचारतात. मी त्यांना नेहमी सांगत आले की ठरवलेले अर्ध्यावर सोडू नये. आता मीच आकडा बदलला, तर ती परिस्थितीची योग्य दखल ठरेल, की माघार? आणि बदलायचेच असेल, तर नेमके काय बदलावे?

उत्तर : वाघबीळचा चढ

ताई, नमस्कार. मी ६१ वर्षांचा आहे, तरुणपणी तालमीत होतो आणि पंचेचाळिशीनंतर धावायला लागलो. आपण तिन्ही उद्दिष्टे एकाच गाठोड्यात बांधली आहेत आणि त्यामुळे एकाची अडचण तिघांच्या डोक्यावर आली आहे, असे मला वाटते. ती सुटी करून पाहू.

वार्षिक किलोमीटरचा आकडा आजच वहीतून काढून टाकावा, असे मी स्पष्टपणे सुचवतो. या आकड्याचा स्वभाव कर्जासारखा असतो. जे दिवस आजारपणात आणि घरच्या कामात गेले, त्यांची थकबाकी तो पुढच्या महिन्यांच्या माथी मारतो. आपणच हिशेब मांडला आहे : साडेसतरावरून ३८ म्हणजे दुपटीहून जास्त. दुखरी नडगी घेऊन एवढी वाढ करणे म्हणजे एप्रिलचे दुखणे ऑगस्टमध्ये परत बोलावणे होय. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत पुन्हा तयार होतात, त्यामुळे आपल्याला ताकद आल्यासारखी वाटते. हाडांना आणि स्नायूबंधांना त्याहून बराच जास्त वेळ लागतो. दम टिकतो आणि पाय टिकत नाही, अशी स्थिती नेमकी याच काळात येते. आमच्या तालमीत खांदा दुखावलेला पैलवान परत आला की वस्ताद त्याला आधी आखाडा खणायला लावत, मग हलक्या जोडीदाराबरोबर खेळवत. चुकलेल्या दिवसांची मेहनत एका आठवड्यात भरून काढायला त्यांनी कोणालाच सांगितले नाही.

साताऱ्याकडे वळतो. पीटर रिगेल या अमेरिकी अभियंत्याने १९७७ मध्ये एक सोपे सूत्र मांडले, जे आजही धावपटू वापरतात. अंतर ज्या पटीत वाढते, त्या पटीचा १.०६ घात घ्यायचा आणि त्याने आधीच्या वेळेला गुणायचे. अंतर दुप्पट झाले, तर वेळ दुप्पट न होता साधारण २.०८५ पट होते. आपल्या ५८ मिनिटांवरून अर्ध्या मॅरेथॉनचा अंदाज २ तास ८ मिनिटे येतो. दोन तासांसाठी १० किलोमीटर ५४ मिनिटे २३ सेकंदांत व्हायला हवेत. म्हणजे फेब्रुवारीत, आपण उत्तम स्थितीत असतानाही, हा अंदाज २ तास ३ मिनिटांच्या जवळ होता, आणि तोसुद्धा सपाट रस्त्यासाठी.

सातारा तर सपाट नाहीच. शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने पुढे जायचे आणि त्याच वाटेने उतरत परत यायचे. चढावर गेलेली मिनिटे उतारावर पूर्ण वसूल होत नाहीत. तेव्हा आपला दोन तासांचा आकडा जुलैमुळे अवघड झालेला नाही; तो जानेवारीतच त्या रस्त्याचा विचार न करता ठरला होता. हे कठोर वाटल्यास क्षमा करावी, पण यात आपल्याला दिलासाही आहे. एप्रिल ते जून आपण घरासाठी जे केले, त्याने हे उद्दिष्ट हातचे घालवले नाही. साताऱ्याला जरूर जावे, मात्र वेळ न ठरवता. चढावर श्वास ताब्यात ठेवावा, लागेल तिथे निःसंकोच चालावे आणि उताराला पाय आवरून घ्यावेत. उतारावर प्रत्येक पावलाला नडगीवर आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंवर बसणारा मार चढापेक्षा पुष्कळ जास्त असतो.

सरावासाठी एरवी मी वाघबीळहून पन्हाळ्याचा चढ सुचवला असता, कारण आपल्या भागात त्याला तोड नाही. परंतु पंचगंगा फुगली की केर्लीजवळ रस्त्यावर पाणी येते आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्या बेताचा भरवसा धरता येत नाही. टेंबलाईची टेकडी आणि विद्यापीठातील चढउतार यांवर काम भागते.

मुंबईचा निर्णय आज घेऊच नये. सूत्राने आपला पूर्ण मॅरेथॉनचा अंदाज ४ तास २७ मिनिटे येतो, पण हे सूत्र लांब अंतराचा पुरेसा सराव झाला आहे असे गृहीत धरते, आणि तो अजून झालेला नाही. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत २५ ते २८ किलोमीटरच्या दोन-तीन धावा दुखण्याशिवाय झाल्या, तर साडेचार तास, म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटे २४ सेकंद, हे उद्दिष्ट जिवंत आहे. नाही झाल्या, तर तेव्हा आकडा बदलावा. मुंबईत जानेवारीतही हवा दमट असते आणि परतीच्या वाटेवर, पाय थकलेले असताना, पेडर रोडचा चढ येतो. त्यासाठी काही मिनिटे हाताशी ठेवलेली बरी.

उत्तर : पाळीचा धावपटू

वरील उत्तरातील गणित मला मान्य आहे. तरीही एक वेगळी बाजू मांडावीशी वाटते, कारण ती मी स्वतः भोगली आहे. मी गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत पाळीत काम करतो. सलग तीन वर्षे मी जुलैमध्ये उद्दिष्ट खाली आणले आणि प्रत्येक वेळी कारण खरे होते : एकदा रात्रपाळी, एकदा ताप, एकदा बहिणीचे लग्न. तिसऱ्या वर्षी जुन्या नोंदी चाळताना लक्षात आले की आकडा कमी केल्यानंतरच्या महिन्यात माझे धावणे दरवेळी आणखी कमी झाले होते. मी आकडा बदलत होतो, पण त्याच्या जागी रोज काय करायचे हे ठरवत नव्हतो. नव्या सोप्या उद्दिष्टासाठी मेहनतीची गरजच वाटत नव्हती.

म्हणून मॅडम, माझी विनंती अशी की १,५०० खोडताना त्या जागी दुसरे काहीतरी लिहावे, आणि ते आपल्या हातातले असावे. मी गेल्या वर्षी लिहिले होते : आठवड्यात चार वेळा बूट घालून घराबाहेर पडेन, त्यांपैकी तीन वेळा इतक्या सावकाश धावेन की सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यांत बोलता यावे, आणि रात्रपाळीच्या दुसऱ्या दिवशी धावण्याऐवजी झोपेन. शेवटचा नियम पाळायला सर्वांत जड गेला. त्या वर्षी मी एकही वेळ ठरवली नव्हती, तरी डिसेंबरमध्ये माझी १० किलोमीटरची वेळ तीन वर्षांतली सर्वांत चांगली आली.

आपण माघार घेत आहात का, हे मला तरी आकड्यावरून ओळखता येत नाही. पुढच्या मंगळवारी पहाटे आपण काय करता, यावरून ते कळेल.

उत्तर : पंचगंगा घाट

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि फक्त नडगीबद्दल लिहिते, कारण बाकी सर्व निर्णय तिच्यावर अवलंबून आहेत. तीन महिने झाले, तरी दुखणे पूर्ण गेलेले नाही, आणि आपण कोणाला दाखवल्याचा उल्लेख प्रश्नात दिसत नाही.

नडगीच्या आतल्या कडेने चार-पाच बोटे लांबीपर्यंत पसरलेले, धावण्याच्या सुरुवातीला जाणवून नंतर कमी होणारे दुखणे बहुधा हाडाच्या आवरणावर आणि तिथे जोडलेल्या स्नायूंवर आलेल्या ताणाचे असते. त्यावर धावणे कमी करून, पोटरीचे व्यायाम करून आणि हळूहळू अंतर वाढवून मात करता येते. मात्र एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, धावताना वाढत जात असेल, रात्री झोपेत किंवा बसल्या जागी ठणकत असेल, अथवा त्या एका पायावर उडी मारल्यास कळ येत असेल, तर हाडाला बारीक तडा असण्याची शक्यता धरून धावणे पूर्ण थांबवावे लागते. असा तडा सुरुवातीच्या आठवड्यांत साध्या एक्स-रेवर दिसत नाही, हेही ध्यानात ठेवावे. एक्स-रे निर्दोष आला म्हणून धावायला सुरुवात करणारे बरेच जण मी पाहिले आहेत.

आपण कोल्हापूरकर पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज पाहतो. ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे इथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. नदी ३९ ला पोहोचल्यावर काठावरची माणसे सामान हलवायला लागतात, ४३ ची वाट पाहत बसत नाहीत. आपले सध्याचे वर्णन मला इशारा पातळीचे वाटते. जिना उतरताना दुखते, याचा अर्थ दिवसभर उभे राहून शिकवण्याचा भारही त्या पायावर मोजायला हवा. याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांना किंवा क्रीडा-वैद्यकाच्या जाणकारांना दाखवावे. सोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) आणि ड जीवनसत्त्व यांची तपासणी करण्याबद्दल त्यांना विचारावे. चाळिशीतल्या, घर आणि नोकरी सांभाळून धावणाऱ्या स्त्रियांमध्ये या कमतरता वारंवार आढळतात, आणि दमणूक ही वयाची किंवा कामाची आहे असे समजून त्या तशाच राहून जातात.

साताऱ्याच्या उताराविषयी वर जे लिहिले आहे, त्याला माझा दुजोरा आहे. ऑगस्टच्या मध्यापर्यंत सलग ४५ मिनिटे सावकाश धावूनही दुसऱ्या दिवशी पाय शांत राहिला नाही, तर साताऱ्याला प्रेक्षक म्हणून जावे.

रंकाळ्याची पहाट

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर लिहायला चार दिवस लागले, कारण मध्ये डॉक्टरांकडे जाऊन आले. दुखणे पसरलेलेच आहे, एका जागी नाही, आणि एका पायावर उडी मारल्यावर कळ आली नाही. तीन आठवडे धावणे निम्म्यावर आणायचे, पोटरीचे व्यायाम रोज करायचे आणि मग पुन्हा दाखवायचे, असे ठरले आहे. फेरिटिन कमी निघाले. गेल्या काही महिन्यांत चौथ्या तासाला जो थकवा येत असे, त्याचे कारण मी घरातील धावपळीत शोधत होते.

काका, आपण म्हणता ते खरे आहे. साताऱ्याचा रस्ता मी पूर्वी एकदा गाडीतून पाहिला होता आणि तरीही वहीत आकडा लिहिताना तो डोळ्यांसमोर आणला नाही. १,५०० खोडले आहेत. दादा, त्या जागी आपल्यासारखेच लिहिले आहे : आठवड्यात चार पहाटा, त्यांतली एक फक्त व्यायामाची, आणि सासूबाईंना रात्री जाग आली असेल त्या दिवशी सुट्टी. मुंबईचा निर्णय १५ नोव्हेंबरला घेईन. तारीख कॅलेंडरवर लिहिली आहे.

राहता राहिली मुले. काल आठवीच्या तासाला मी माझे ५८ मिनिटांचे १० किलोमीटर फळ्यावर मांडले आणि २१.१ किलोमीटरला किती वेळ लागेल, असे विचारले. मुलांनी सरळ गुणोत्तराने २ तास २ मिनिटे असे उत्तर काढले. मग मी सांगितले की प्रत्यक्षात अंदाज २ तास ८ मिनिटे येतो, आणि घाटात त्याहून जास्त लागतील, म्हणून बाईंनी दोन तासांचे उद्दिष्ट मागे घेतले आहे. वर्ग थोडा वेळ शांत होता. मला ज्या प्रश्नाची भीती होती, तो कोणी विचारला नाही. मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "बाई, मग मधली सहा मिनिटे जातात कुठे?" तिला उत्तर देण्यासाठी शुक्रवारचा पूर्ण तास राखून ठेवला आहे.