मदत हवी आहे: वाळवंटात बाष्पीभवन पात्राचा गुणक किती धरावा?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, ठिबकची कामं करतो. आता जैसलमेरजवळच्या खजुराच्या बागेचं पाण्याचं गणित बसवायचंय. इकडे उसाला बाष्पीभवन पात्राचा (उघड्या पात्रातून रोज किती पाणी उडतं त्याचा) आकडा 0.7 ने, म्हणजे गुणकाने, गुणला की पाण्याची गरज निघते. तिकडे पात्राभोवती कोरडी वाळू, त्यात तापलेला वारा. पात्रातलं पाणी जास्तच उडणार, म्हणजे गुणक खाली घ्यायला हवा. एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या) 56 क्रमांकाच्या पुस्तिकेत तो साधारण 0.35 ते 0.85 दिलाय. पेनमन-मॉन्टीथ (हवामानाच्या नोंदींवरून पाण्याची गरज काढायचं सूत्र) वापरावं, तर ते सूत्र 12 सेंमी उंचीचं, भरपूर पाणी मिळालेलं गवत धरतं आणि हवामान केंद्र उभं उजाड माळावर, जिथली हवा गवतावरच्यापेक्षा कोरडी! मग तिथल्या आर्द्रतेत दुरुस्ती कशी करता? दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव होतं) किमान तापमानापेक्षा 2 अंश कमी धरणं पुरतं का? रोपं लहान आहेत, पाणी खारं. कमी पडलं तर मुळाशी मीठ साठेल. राजस्थानात किंवा आखातात प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया सांगा.