‘पुरवणी मागणी’तली मागणी कोणाची?

मूळ प्रश्न

परवा पेपरात ‘पुरवणी मागण्या सादर’ असा मथळा होता. भाचा वाचून म्हणाला, “मामा, विरोधकांनी एवढ्या हजार कोटींच्या मागण्या केल्यात, सरकार मान्य करेल?” मी हसलो, पण त्याचं तरी काय चुकलं? मागणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मोर्चा येतो, नाहीतर मुलीला घातलेली मागणी. ‘अनुदानाच्या मागण्या’ म्हटलं तर आणखी घोळ, कारण अनुदान म्हणजे कांद्याचं, ठिबकचं, शाळेचं. हे शब्द बदलून सोपे करावेत का?

प्रतिसाद १

कृपा करून बदलू नका. इथे मागणारं सरकारच आहे. अनुच्छेद ११३ प्रमाणे (राज्यांसाठी २०३) खर्चाचे अंदाज मागण्यांच्या रूपात लोकसभेपुढे किंवा विधानसभेपुढे ठेवावे लागतात, आणि त्या मान्य करायच्या, नाकारायच्या की रक्कम कमी करायची हे सभागृह ठरवतं. सभागृह देतं ते अनुदान. म्हणजे कांदा उत्पादक सरकारपुढे जसा उभा असतो, तसा इथे विभागाचा मंत्री सभागृहापुढे उभा असतो. आपण ‘अमुक खात्याला सरकारने इतके कोटी दिले’ असं सर्रास लिहितो, त्यात देणारा बदलून जातो.

यातला अपवाद म्हणजे भारित खर्च. कर्जावरचं व्याज, न्यायमूर्तींचे पगार वगैरे. त्यावर चर्चा होऊ शकते, मतदान नाही. मतदानाला टाकायचा तो ‘दत्तमत’ खर्च. दत्तमत हा शब्द मला फार आवडतो. मत दिलं गेलं आहे असा. दत्तक, दत्तमत. असो.

मागण्या मंजूर झाल्या तरी पैसे लगेच काढता येत नाहीत, त्यासाठी विनियोजन विधेयक लागतं. हिंदीत विनियोग. आपल्याकडे विनियोग हा शब्द घरोघरी ठाऊक आहे. स्तोत्राआधी ‘जपे विनियोगः’ म्हणतो ना? हा जप कशासाठी लावायचा ते आधीच बोलून ठेवायचं. विधेयकातही तेच असतं. रस्त्यासाठी घेतलेले पैसे रस्त्यालाच लावायचे. एकाच मागणीच्या आत एका शीर्षातून, म्हणजे खर्चाच्या एका सदरातून, दुसऱ्या शीर्षात न्यायचे असतील तर पुनर्विनियोजन, आणि त्यालाही नियम आहेत.

प्रतिसाद २

त्याच जातीचा एक फसवा शब्द ‘कपात सूचना’. ऐकून वाटतं, आमदार-खासदार आरोग्याचे पैसे कापायला निघालेत. लोकसभेत धोरणच अमान्य असेल तर ‘मागणीची रक्कम १ रुपया करावी’ अशी सूचना देतात, आणि एखादं गाऱ्हाणं मांडायचं असेल तर ‘१०० रुपयांनी कमी करावी’. त्या शंभर रुपयांशी कोणाला देणंघेणं नसतं, ते बोलायला उभं राहण्याचं तिकीट आहे. पैसे वाचवण्यासाठीची ‘काटकसर कपात’ वेगळी, तिच्यात ठरावीक रक्कम सांगावी लागते.

प्रतिसाद ३

सरकारी कार्यालयात बत्तीस वर्षं काढली, म्हणून ‘बचत’बद्दल लिहितो. घरात बचत म्हणजे कौतुक. विनियोजन लेख्यांत, म्हणजे मंजूर पैशांच्या वर्षअखेरच्या हिशेबांत, बचत म्हणजे मंजूर झालेले पण न खर्चलेले पैसे, आणि बहुतेक वेळा ते न झालेलं काम असतं. आमच्याकडे एकदा एका वसतिगृहाच्या दुरुस्तीची तरतूद फेब्रुवारीत बीम्सवर (राज्य सरकारच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर) आली. निविदा कधी काढणार, काम कधी करणार? ३१ मार्चला निम्म्याहून अधिक रक्कम ‘समर्पित’ केली, म्हणजे न खर्चता परत केली. पोरं त्या पावसाळ्यातही गळक्या छताखालीच झोपली. वर कागदावर मात्र बचत! वेळेत समर्पित केली नाही तर ती ‘व्यपगत’ होते. हाही शब्द कार्यालयाबाहेर कोणी वापरत नाही, बाहेर सरळ ‘पैसे परत गेले’ म्हणतात.

मग दोन-तीन वर्षांनी ‘पॅरा निघतो’. ‘लेखापरीक्षण परिच्छेद’ असं कोणी बोलत नाही. पॅरा लोकलेखा समितीपुढे (सरकारी खर्चाचे हिशेब तपासणाऱ्या आमदारांच्या समितीपुढे) गेला की सचिवांची ‘साक्ष’ लागते. मंत्र्यांना बोलावत नाहीत, सचिव उत्तर देतात. साक्षीच्या आदल्या आठवड्यात जुन्या फायली शोधताना जी धावपळ होते, तिच्यासाठी मात्र शासन व्यवहारात अजून शब्द नाही.

मूळ प्रश्नकर्ता

बचतीचं हे माहीत नव्हतं. मग ‘पुरवणी’ कशी? परीक्षेत मुख्य उत्तरपत्रिका भरली की पुरवणी घेतो, तशीच ना?

प्रतिसाद ३

अगदी तशीच असायला हवी. पण कॅगच्या, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या, अहवालांत वारंवार येणारा शेरा असा की, मूळ तरतूदच संपली नव्हती तरी पुरवणी घेतली. म्हणजे पेपर अर्धा कोरा, आणि पोरगं हात वर करून पुरवणी मागतंय.

प्रतिसाद ४

एक शंका. राज्याच्या निधीचे तीन भाग: एकत्रित निधी (स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत ‘संचित’, तो हिंदीचा शेजार), आकस्मिकता निधी आणि लोकलेखा. मग लोकलेखा समिती फक्त त्या तिसऱ्या भागाचे, म्हणजे भविष्य निर्वाह निधी, ठेवी वगैरेंचे हिशेब बघते का?

प्रतिसाद १

नाही, नावात गल्लत होते. समितीच्या नावातला लोकलेखा म्हणजे सगळेच सार्वजनिक हिशेब. संसदेतली ही समिती १९२१ पासूनची, आणि १९६७ पासून तिचं अध्यक्षपद विरोधी बाकांकडे देण्याची प्रथा आहे. खर्च होऊन गेल्यावर तपासते ती ही. अंदाज समिती वेगळी, तिचा भर खर्चाच्या अंदाजांत काटकसर कुठे करता येईल यावर.

प्रतिसाद २

आणि ‘गिलोटिन’ला काय म्हणायचं? मुदत संपली की उरलेल्या सगळ्या मागण्या चर्चेविना एकदम मतास टाकतात. २३ मार्च २०२३ ला लोकसभेत गोंधळात सगळ्याच मागण्या अशा मंजूर झाल्या. ‘घाऊक मंजुरी’ चालेल?

प्रतिसाद ३

चालेल. फक्त घाऊकमध्ये गिऱ्हाईक निदान भाव तरी विचारतो.