वास मासळीचा की हिरड्यांचा?

“मांजर बांगडा खाते, मग तोंडाला वास येणारच,” हे मत मला पटत नाही. मालवणात आम्हीही हेच म्हणत राहिलो. पण आमचा बोका मासळीचे डोके टाकून नुसता कालवणाचा भात चाटू लागला, तेव्हा ओठ वर करून पाहिले, तर दाढेवर तपकिरी कीटण आणि हिरडीच्या कडेला लाल रेघ होती. दातांवरचा मऊ थर काही दिवसांतच कडक होतो आणि मग ब्रशने निघत नाही, भूल देऊन काढावा लागतो. म्हणून मांजर असो वा कुत्रा, शक्यतो रोज दातांची बाहेरची बाजू घासावी. आपली टूथपेस्ट मात्र वापरू नये, कारण तिच्यात झायलिटॉल (साखरेऐवजी गोडीसाठी घालतात तो पदार्थ) असल्यास कुत्र्याच्या जिवावर बेतते. मटणाच्या नळीनेही (लाड म्हणून आपण देतो ती) दाढ तडकू शकते.