वाढत्या शहरातली नवी इमारत: फ्रेममधली क्रेन ठेवावी की काढावी?

पायवाट (धागाकर्ता)

वेगानं वाढणाऱ्या शहरांतल्या भव्य नव्या इमारतींचे फोटो मी आवडीनं बघतो, काढतोही. पण एक गोष्ट आता फार खटकू लागली आहे. दुबई असो, शेन्झेन असो, दोहा असो की बाकू, फोटो तोच. सूर्य नुकताच मावळलेला, आभाळ गडद निळं, आतले दिवे लागलेले, समोरची फरशी चकचकीत. माणूस नाहीच, असला तर एकटा, लांबवर, उंचीचा अंदाज यावा एवढ्यापुरता. शेजारचा अर्धवट सांगाडा, क्रेन, परांची, मजुरांना घेऊन आलेली बस, मातीचे ढीग, हे सगळं एकतर फ्रेमबाहेर किंवा नंतर संगणकावर पुसलेलं.

माझं म्हणणं असं की अशा शहरातल्या इमारतीचा फोटो आजूबाजूसकटच काढला पाहिजे. शेन्झेनला १९८० साली विशेष आर्थिक क्षेत्राचा दर्जा मिळाला आणि २०२० च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या १ कोटी ७५ लाखांवर गेली होती. एवढ्या वेगानं शहर वाढतं तेव्हा बांधकाम हीच तिथली नेहमीची स्थिती असते. ती वगळली की हातात उरते कुठल्याही शहरात खपेल अशी एक देखणी वस्तू.

अझरबैजानची राजधानी बाकू इथलं हैदर अलियेव्ह सेंटर घ्या. वास्तुविशारद झाहा हदीद यांची ती पांढरी, सलग वळणांची इमारत २०१२ मध्ये खुली झाली. २०१४ मध्ये लंडनच्या डिझाइन म्युझियमनं तिला वर्षातलं सर्वोत्तम डिझाइन ठरवलं, तेव्हा त्या परिसरातल्या लोकांना जबरदस्तीनं घरं सोडायला लावल्याचा मुद्दा मानवी हक्क कार्यकर्त्यांनी पुढे आणला. जगभर फिरलेले फोटो बघून मात्र तिथे आधी काय होतं, हा प्रश्नसुद्धा कोणाच्या मनात येणार नाही.

हे टाळता येतं. छायाचित्रकार मार्सेल गोतेरो यांनी ब्राझीलची नवी राजधानी ब्राझिलिया उभी राहताना वास्तुविशारद ऑस्कर निमायर यांच्या इमारतींचे अप्रतिम फोटो काढले, आणि त्याच काळात साकोलांदिया या मजूरवस्तीचेही काढले. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांनी शाकारलेली घरं होती ती. राजधानीचं उद्‌घाटन १९६० मध्ये झालं. त्या दिवसाची खरी किंमत गोतेरोंच्या दोन्ही प्रकारचे फोटो शेजारी ठेवल्यावर कळते. छायाचित्रकार इवान बान यांनीही बीजिंगमधल्या सीसीटीव्ही या चिनी सरकारी दूरचित्रवाणीच्या मुख्यालयाचे फोटो बांधकाम चालू असतानाच, मजुरांसकट काढले. मग बाकीच्यांना काय अडचण आहे?

ओळंबा

असहमत, आणि पूर्णपणे.

इमारतींचे फोटो काढणं हा माझा व्यवसाय आहे. फ्रेमबाहेर काय ठेवायचं हे ठरवणं म्हणजेच फोटो काढणं. तुम्ही ज्याला लपवणं म्हणता त्याला आम्ही निवड म्हणतो. कॅमेरा वर कलवला की इमारतीच्या उभ्या कडा माथ्याकडे एकमेकींवर झुकतात. म्हणून आम्ही कॅमेरा ओळंब्यात ठेवतो आणि शिफ्ट लेन्स वर सरकवून माथा फ्रेममध्ये घेतो. कडा सरळ येतात. ही फसवणूक आहे का? रस्त्यावर उभं राहून वर बघताना आपलं मनही तीच दुरुस्ती करत असतं.

छायाचित्रकार लुसियाँ एर्व्हे यांनी १९४९ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेयच्या युनिते या निवासी इमारतीचे एका दिवसात ६५० फोटो काढले. ते बघून तिचे आणि चंदीगडचे वास्तुविशारद ल कॉर्बुझिए इतके प्रभावित झाले की पुढे आपल्या कामाचे फोटो त्यांच्याकडेच सोपवत गेले. एर्व्हे प्रिंटला सरळ कात्री लावत. एक भिंत, तिच्यावरची तिरपी सावली, कोपऱ्यात उजेडाचा एक तुकडा. बाकी सगळं कापून टाकलेलं. चंदीगडच्या काँक्रीटमध्ये ऊन कसं खेळतं हे अनेकांना त्या फोटोंमुळे दिसलं. त्यांत मातीचे ढीग आले असते तर काय वाढलं असतं?

वास्तुविशारदानं एका कोपऱ्याच्या जोडावर महिनोन्‌महिने डोकं खपवलेलं असतं. तो जोड कोणीतरी एकाग्र होऊन बघायला नको का? पुनर्वसनाचे प्रश्न गंभीर आहेत, पण ते मांडायला वार्तांकन आहे, माहितीपट आहेत. प्रत्येक फोटोनं सगळंच सांगावं हा आग्रह धरला तर कुठलाच फोटो नीट काही सांगणार नाही.

पायवाट

ओळंबा, एर्व्हेंबद्दल मला नितांत आदर आहे. पण एर्व्हेंनी कापून आत नेलं. तुमच्या कात्रीनं इमारतीचा एक प्रश्न उलगडत असेल तर कापा ना. मी ज्यावर बोलतो आहे तो फोटो आत कुठेच जात नाही. पूर्ण इमारत दाखवतो आणि फक्त शेजार गाळतो.

आणि नेटक्या फोटोंचे मोठे उस्ताद ज्यूलियस शुलमन यांचंच बघा. लॉस एंजेलिसच्या टेकडीवरचं पिअर कोनिग यांचं काचेचं घर त्यांनी १९६० मध्ये टिपलं. मांडलेला फोटो आहे, फर्निचर बाहेरून आणलेलं, दोन तरुणी ठरवून बसवलेल्या. तरी त्यात खाली पसरलेलं शहर किती आहे बघा! ते दिवे उमटावेत म्हणून शटर काही मिनिटं उघडं ठेवलं आणि मग आतल्या माणसांसाठी फ्लॅश मारला. वाढतं शहर फ्रेममध्ये यावं म्हणून त्यांनी एवढी मेहनत घेतली. आज तेवढीच मेहनत शहर घालवायला घेतली जाते.

कोनाडा

मी वास्तुविशारद आहे. माझी तक्रार धाग्याच्या उलट टोकाची आहे.

मागे चकाकता टॉवर, पुढे पत्र्याची झोपडी, झोपडीच्या दारात एक मूल. हा फोटो आता ब्लू अवरच्या, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या निळ्या उजेडातल्या, फोटोइतकाच ठरीव झाला आहे, आणि त्यात लबाडी जास्त आहे. असा फोटो बहुतेक वेळा खूप लांब उभं राहून, लांब पल्ल्याच्या लेन्सनं काढतात. तेवढ्या अंतरावरून झोपडी आणि टॉवर यांच्या मधली जागा चेपली जाते. प्रत्यक्षात दोन किलोमीटरचं अंतर असलं तरी फोटोत टॉवर झोपडीच्या पाठीलाच टेकलेला दिसतो. त्या मधल्या दोन किलोमीटरांत शाळा, बाजार, बस डेपो, मध्यमवर्गीयांच्या सोसायट्या असं खरं शहर असतं. ते गायब. "आजूबाजूसकट" म्हणणाऱ्यांनी ही आजूबाजू कशी तयार होते तेही तपासावं.

शिवाय झोपडीतल्या माणसाला कोणी विचारलेलं असतं का? टॉवरच्या मालकाची परवानगी घ्यायला पत्रं लिहितात, आणि इकडे नुसती लेन्स रोखतात.

जुनी निगेटिव्ह

तिघेही इमारत नवी असतानाच्या फोटोवर भांडत आहात. मला त्याच्या पुढचं विचारायचं आहे: परत कोण जातं?

दिल्लीच्या प्रगती मैदानातलं हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शन-दालन १९७२ चं. राज रेवाल यांची रचना, महेंद्र राज यांचं अभियांत्रिकी. पोलादात करतात तशी स्पेस फ्रेम, म्हणजे दांड्यांची त्रिमितीय जाळी, त्यांनी काँक्रीटमध्ये, जागेवर ओतून केली. एप्रिल २०१७ मध्ये ती पाडली. मदन महत्ता यांच्यासारख्या छायाचित्रकारांनी दिल्लीच्या आधुनिक इमारती त्या त्या काळात टिपल्या नसत्या तर आज त्या पिढीच्या कामाबद्दल कितीसं बोलता आलं असतं? आज अशा इमारतीचा अभ्यास करणाऱ्याला ओळंबांचा सांध्याचा फोटो हवा असतो आणि काँक्रीट ओतणाऱ्या हातांचा पायवाटांचा फोटोही. त्यातला कुठला नसेल तर आता काढता येत नाही.

पण सगळ्यात कमी सापडतो तो मधल्या काळाचा फोटो. टोकियोचा नाकागिन कॅप्सूल टॉवर, किशो कुरोकावा यांचा, तोही १९७२ चाच. २०२२ मध्ये उतरवला. १४० कॅप्सूल, म्हणजे खोकेवजा छोट्या खोल्या, बांधताना जवळजवळ एकसारख्या. शेवटच्या वर्षांत आतून काढलेले फोटो बघा: एक पुस्तकांनी गच्च, एकीत कार्यालय, एक गळकी आणि रिकामी. कॅप्सूल जुन्या झाल्या की बदलायच्या, ही मूळ कल्पना होती. ती कधी अमलात आलीच नाही. बांधणाऱ्याची महत्त्वाकांक्षा आणि तिचं प्रत्यक्षात काय झालं, दोन्ही त्या फोटोंत आहे. उद्‌घाटनाच्या आठवड्यातला फोटो, क्रेनसकट असो की क्रेनविना, हे दाखवूच शकत नाही.

ओळंबा

जुनी निगेटिव्ह, मुद्दा योग्य, पण परत जाण्याचे पैसे कोण देतो? इमारत पूर्ण होताच वास्तुविशारदाला पुरस्कारासाठी, मासिकासाठी फोटो हवे असतात. दहा वर्षांनी कोणाचाही फोन येत नाही.

पायवाट, पुसण्याबद्दल माझा नियम स्पष्ट आहे. जे तात्पुरतं आहे ते काढतो: क्रेन, कचऱ्याचा डबा, उभा ट्रक. जे कायमचं आहे त्याला हात लावत नाही: विजेची तार, शेजारची इमारत, गच्चीवरची यंत्रं. भिंतीवरचा डाग काँक्रीटचा असेल तर तो राहतो. वास्तुविशारदानं विनवलं तरी राहतो. आता तर सॉफ्टवेअर सांगाल ते झाड उगवून देतं. असलं काम मी घेत नाही, त्यापायी कामं गेली तरी.

पायवाट

झाड न उगवण्याबद्दल मनापासून आदर. पण क्रेन तात्पुरती कशी? या प्लॉटवरून निघाली की पलीकडच्या प्लॉटवर उभी राहते. शांघायच्या पुडोंगमध्ये ओरिएंटल पर्ल टॉवर १९९४ चा, जिन माओ १९९९ चा, वर्ल्ड फायनान्शियल सेंटर २००८ चं, शांघाय टॉवर २०१५ चा. वीस वर्षं तिथून क्रेन हललेली नाही. त्या वीस वर्षांतला प्रत्येक फोटो पुसून स्वच्छ केला तर पुढच्या माणसाला वाटेल की शहर एका रात्रीत, कोणाचाही हात न लागता उगवलं.

कोनाडा

क्रेनवरून वाद घालताना उन्हाचा विचारच राहून जातो आहे, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो.

अबुधाबीचे अल बहर टॉवर्स, २०१२ चे. बाहेरून दुमडणाऱ्या त्रिकोणी पडद्यांचं आवरण आहे. ऊन ज्या बाजूला येईल तिकडचे पडदे उलगडतात. चंदीगडच्या सचिवालयाचे खोल काँक्रीट-चौकोनही उन्हासाठीच. तापणाऱ्या शहरांतल्या चांगल्या इमारतीचा अर्धा विचार दुपारच्या उन्हाचा असतो. आणि आपण तिचा फोटो कधी काढतो? सूर्य गेल्यावर! ज्या कामासाठी ती तशी घडवली ते काम बंद झाल्यावर. वर आतले सगळे दिवे लावायला लावतो.

माझ्या इमारतीचा फोटो भर दुपारी काढा असं मी सांगतो तेव्हा बहुतेक छायाचित्रकार नाराज होतात. सावली कुठवर पडते आणि त्या सावलीत कोण बसतं, एवढं दिसलं तरी मला बाकी काही नको.

ओळंबा

सावलीच्या इमारतीला दुपार चालेल. मान्य. काचेच्या इमारतीचं काय? वाढत्या शहरांत बहुतेक तीच बांधतात. दुपारी दर्शनी भागावर समोरचा सांगाडा, रस्ता, होर्डिंग सगळं उमटतं आणि इमारतीची स्वतःची रचना वाचताच येत नाही. प्रतिबिंब कमी करणारा पोलरायझर फिल्टर लावला तर वाइड लेन्सवर आभाळ एका बाजूला काळपट, एका बाजूला फिकं होतं, आणि प्रतिबिंब तरीही पूर्ण जात नाही. संध्याकाळी आतला आणि बाहेरचा उजेड जुळतो ती दहा-पंधरा मिनिटंच अशी असतात की काच पारदर्शक होते, मजले दिसतात, जिना दिसतो. सौंदर्याची हौस म्हणून आम्ही त्या वेळेला थांबत नाही.

पायवाट

समोरचा सांगाडा काचेत दिसतो तो तिथे आहे म्हणून. इमारतीत बसणाऱ्यांना दिवसभर तोच दिसतो, रस्त्यावरून जाणाऱ्यांना तीच काच दिसते. तुमची पंधरा मिनिटं तुम्ही जरूर घ्या, जिना दाखवा. पण उरलेल्या दिवसाचा एक तरी फोटो वास्तुविशारदाला पाठवा, पोलरायझर न लावता.

ओळंबा

पाठवतो. छापतात तो संध्याकाळचाच.