मदत हवी आहे: बी.कॉम. नंतर प्लंबिंगमध्ये उतरायचे आहे, आयटीआय करावे की थेट मिस्त्रींच्या हाताखाली जावे?

नमस्कार. माझे वय २७ असून गेली चार वर्षे मी पुण्यात पाईप-फिटिंगच्या एका दुकानात हिशेब आणि काउंटर अशी दोन्ही कामे सांभाळतो. पगार १९ हजार आहे आणि तो फारसा वाढेल अशी चिन्हे नाहीत. समोरच्या प्लंबरने नुसते "सहा सुताचा एल्बो, ब्रासचा, आतून आटे" म्हटले तरी माझा हात बरोबर त्या खोक्यात जातो; मात्र तोच एल्बो (पाईप वळवणारा जोड) भिंतीत कसा बसवायचा हे मला येत नाही, आणि ते शिकून याच व्यवसायात पोट भरावे असे आता मनाने घेतले आहे.

माहिती असणे आणि काम येणे यांतील अंतर गेल्या दिवाळीत चांगलेच कळले. बहिणीच्या घरी गीझरची सीपीव्हीसी (गरम पाण्याच्या प्लास्टिक पाईपची) लाईन मी हौसेने बदलली. पाईप कापला, जोड चिकटवणारे सॉल्व्हंट लावले, फिटिंगमध्ये बसवला आणि लगेच हात काढून घेतला. फिटिंगचे तोंड आतून निमुळते असल्यामुळे सॉल्व्हंट ओले असेपर्यंत पाईप मागे सरकू शकतो, म्हणून तो पाव फेरा फिरवून अर्धा मिनिट दाबून धरावा लागतो, हे दुसऱ्या दिवशी दुकानात आलेल्या एका मिस्त्रींनी सांगितले. तोवर रात्री दीड वाजता जोड सुटून बहिणीच्या बेडरूमपर्यंत पाणी गेले होते. (सॉल्व्हंटचे असे शेकडो डबे मी विकले असतील, डब्यावरची सूचना मात्र एकदाही वाचली नव्हती.)

तेच मिस्त्री रोज ५०० रुपयांवर मदतनीस म्हणून घ्यायला तयार आहेत. दुसरा मार्ग आयटीआयचा. तिथे प्लंबरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे आणि वयाची कमाल अट नाही, पण ते वर्षभर घरी पैसे कसे पाठवायचे हा प्रश्न उरतो. शिवाय आमच्याकडे येणारे बरेचसे प्लंबर ओडिशातील केंद्रपाडा जिल्ह्याचे आहेत. ते गावाकडचीच मुले सोबत आणतात आणि त्यांच्या जिल्ह्यात पट्टामुंडाईला प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाही आहे. लहानपणापासून हे काम पाहिलेल्या त्या मुलांपुढे २७व्या वर्षी सुरुवात करणारा टिकेल का? वडिलांना "पदवी घेऊन पाना धरणार का?" या प्रश्नापलीकडे काही सुचत नाही, त्यामुळे कृपया या क्षेत्रातील जाणकारांनीच सांगावे.

प्रतिसाद:

मी नाशिकला मदतनीस म्हणून सुरुवात केली, आता ठेकेदारी करतो. माझ्या मते तुम्ही आयटीआय करावे. प्रमाणपत्रापुढे अप्रेंटिसशिपची वाट मोकळी होते, आणि नकाशा वाचायला तिथे बसवून शिकवतात. साइटवर त्यासाठी कोणाला सवड नसते. महापालिकेच्या नळजोडणीसाठी परवानाधारक प्लंबर लागतो, तेव्हा त्या परवान्याच्या अटी आपल्या पाणीपुरवठा विभागात आताच विचारून ठेवा. आखातात जायचा विचार पुढेमागे आला, तर नोंदणीकृत एजंटाखेरीज कोणालाही पैसे देऊ नका. त्यांच्या सेवाशुल्कालाही ३० हजार रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे.

प्रवेशाला अवकाश असेल तोवर सुट्टीच्या दिवशी त्या मिस्त्रींबरोबर जा, पण नळ बसवण्यात दिवस घालवू नका, ड्रेनेज शिका. पाण्याची लाईन गळली तर लगेच दिसते. ड्रेनेजचा उतार चुकला तर फरशी बसून माणसे राहायला आल्यावर कळते आणि मग फोडाफोड येते. चार इंची लाईनीला शंभर फुटांमागे साधारण एक ते दोन फूट उतार द्यावा लागतो, आणि तो लेव्हल पाईपने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) भिंतीवर खुणा करूनच काढायचा, नजरेने नव्हे. नहाणी ट्रॅपमध्ये (बाथरूमच्या जाळीखालच्या भांड्यात) दोन इंच पाणी का उभे राहावे लागते, तेही तिथेच समजेल, कारण ते आटले की घरात गटाराचा वास येतो.

केंद्रपाड्याच्या मुलांचा हात तुमच्यापेक्षा जलद चालेल, हे खरे. पण तुम्हाला मालाचे भाव पाठ आहेत आणि बिल करता येते. माझ्याकडे पंधरा कारागीर आहेत. फ्लॅटचा नकाशा पाहून किती पाईप, किती टी (तीन तोंडांचे जोड) आणि किती नहाणी ट्रॅप लागतील याची यादी काढणारा त्यांत एकच आहे, आणि त्याला मी कधी रोजंदारीवर ठेवले नाही.

वडिलांना शब्दांनी पटणार नाही. मिस्त्रींच्या साइटवर प्रेशर टेस्ट असेल त्या दिवशी त्यांनाही सोबत न्या. हातपंपाने लाईनीत दाब भरून सगळे गेजच्या काट्याकडे बघत उभे असतात. काटा खाली येऊ लागला की कोणता जोड सैल आहे हे शोधायला मिस्त्री कसे निघतात, ते त्यांना पाहू द्या.