स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतर सातव्या महिन्यात वजन अडकले आहे : चालणे वाढवावे की व्यायामच बदलावा?

पायवाट

माझी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी (वजन कमी करण्यासाठी जठराचा मोठा भाग काढून ते नळीसारखे अरुंद करण्याची शस्त्रक्रिया) होऊन परवा सात महिने पूर्ण झाले. शस्त्रक्रियेच्या दिवशी वजन ११८ किलो होते, आज ८६ आहे, आणि अडचण अशी की हे ८६ गेले पाच आठवडे जागचे हललेले नाही. कधी ८५.७ दिसते, कधी ८६.४, पण त्याखाली काटा उतरतच नाही. तिसऱ्या आठवड्यातही एकदा वजन असेच थांबले होते. मात्र तसे होणार हे आहारतज्ज्ञांनी आधीच सांगून ठेवले होते आणि दहा-बारा दिवसांत ते आपोआप पुन्हा उतरू लागले. या वेळी तशी काही चिन्हे दिसत नाहीत.

मी रोज सकाळी एक तास चालते, अंतर साधारण साडेचार किलोमीटर होते, आणि चौथ्या महिन्यापासून एकही दिवस चुकवलेला नाही. गेल्या पंधरवड्यात संध्याकाळी आणखी अर्धा तास वाढवून पाहिला, त्याने गुडघे दुखू लागले, वजन मात्र होते तिथेच राहिले. प्रथिने दिवसाला ५० ग्रॅमच्या आसपास जात असावीत असा माझा अंदाज आहे. जिममध्ये जाऊन वजने उचलावीत असे बऱ्याच जणांनी सुचवले, पण वाकून काही उचलायचे म्हटले की मला अजून पोटावरचे टाके आठवतात. पुढची तपासणी चार आठवड्यांनी आहे. तोवर चालणे आणखी वाढवू, की दुसरा कोणता व्यायाम सुरू करू, की खाणे आणखी कमी करू? या वाटेने गेलेल्यांचा सल्ला हवा आहे.

मोजपट्टी

माझ्या स्लीव्हला चार वर्षे झाली आणि आठव्या महिन्यात मीही नेमका तुमच्याच जागी उभा होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तिसऱ्या आठवड्यातला थांबा आणि आताचा थांबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शस्त्रक्रियेनंतर खाणे एकदम कमी होते तेव्हा शरीर यकृतात आणि स्नायूंत साठवलेले ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, वापरून टाकते, आणि ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरलेले असल्यामुळे तेही निघून जाते. पुढे हा साठा थोडा भरू लागला की पाणी परत येते आणि आतून चरबी घटत असतानाही काटा थांबलेला दिसतो. तो पाण्याचा खेळ होता. आता मात्र तुमचा ऊर्जेचा खर्च खाली उतरून तुमच्या खाण्याशी जवळजवळ जुळला असण्याची शक्यता अधिक आहे.

खर्च खाली का उतरला, तर चालायला लागणारी ऊर्जा बरीचशी शरीराच्या वजनावर अवलंबून असते. ११८ किलोंचे शरीर साडेचार किलोमीटर नेण्यासाठी जेवढी ऊर्जा लागत होती, त्यापेक्षा ८६ किलोंच्या शरीराला त्याच वेगाने, त्याच रस्त्यावर साधारण पाव हिस्सा कमी लागते. म्हणजे तुम्ही एकही दिवस चुकवला नाहीत, तरी व्यायाम दर महिन्याला आपोआप हलका होत गेला. शिवाय शरीर लहान झाले आणि त्यातले काही स्नायूही गेले, त्यामुळे विश्रांतीतला खर्चही उतरला. हे भरून काढायला चालण्याचे तास वाढवत नेले, तर दिवस पुरणार नाही आणि गुडघेही साथ देणार नाहीत. मी तेच केले होते. दोन तासांपर्यंत पोचलो, मग टाच दुखू लागली आणि पुढचे तीन आठवडे सगळेच बंद.

हलकेफुलके

माझ्या माहितीतल्या एकांनी असे वजन अडकल्यावर पाच दिवस पुन्हा केवळ द्रव आहार घेतला आणि त्यांचे वजन अडीच किलोंनी उतरले. तुम्हीही हा प्रयोग करून पाहायला हरकत नसावी.

सांधा

हरकत आहे, आणि ती स्पष्टपणे नोंदवणे मला आवश्यक वाटते. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत शस्त्रक्रिया झालेले पुष्कळ असतात. पाच दिवसांत उतरलेल्या त्या अडीच किलोंत मोठा भाग पाण्याचा आणि आतड्यात नेहमी असणाऱ्या ऐवजाचा असतो, तो नेहमीचे जेवण सुरू झाल्यावर परत येतो. मात्र त्या पाच दिवसांत प्रथिने कमी पडली तर स्नायूंना फटका बसतो, आणि तुम्हाला नेमके तेच परवडणारे नाही.

पायवाटताई, मोठा पल्ला गाठण्याआधी एक छोटी चाचणी घरीच करून पाहा. न सरकणारी, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, दोन्ही हात छातीशी घडी घालून बसा आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते ते मोजा. रोज तासभर चालणाऱ्या व्यक्तीचा आकडा बरेचदा तिला स्वतःला धक्का देण्याइतका कमी निघतो, कारण सपाट रस्त्यावरच्या चालण्याने दम वाढतो, मांड्यांची ताकद फारशी वाढत नाही.

माझी शिफारस अशी की संध्याकाळचा अर्धा तास सोडून द्यावा आणि त्याऐवजी आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून, ताकदीचा व्यायाम करावा. प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनाही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाबरोबर किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम सांगतात; म्हणजे तुमच्याकडे पहिला भाग भरपूर आहे आणि दुसरा मुळीच नाही. सुरुवातीला जिमची गरज नाही. खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीला हात टेकवून दंड, पायरीवर चढ-उतार आणि रबरी पट्टा दाराच्या कडीला अडकवून कोपरे मागे खेचणे, इतके पुरे. प्रत्येकाची ८ ते १२ आवर्तने, दोन किंवा तीन फेऱ्या, आणि शेवटची दोन आवर्तने कष्टाने व्हावीत इतका ताण. ती सहज होत असतील, तर तो हात-पाय हलवण्याचा कार्यक्रम झाला, ताकदीचा नव्हे.

टाक्यांची भीती समजण्यासारखी आहे, पण वजन न उचलण्याचे बंधन सर्वसाधारणपणे पहिल्या चार ते सहा आठवड्यांचे असते. सातव्या महिन्यात, हर्निया नसेल तर, सर्जनना फोनवर विचारून सुरुवात करता येते. जोर लावताना श्वास रोखू नका, सोडा. आणि जखमेच्या जागी फुगवटा दिसला किंवा टोचू लागले तर थांबून दाखवा. गुडघ्यासाठी आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके मनाने घेऊ नका. जठराची बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया) झालेल्यांत तर त्यांनी त्या जोडाच्या जागी व्रण (अल्सर) होण्याचा धोका असल्यामुळे ती टाळायलाच सांगतात.

तिसरा मजला

माझी बायपास आहे, म्हणून एक भर घालतो. व्यायाम करताना किंवा जेवणानंतर एक ते तीन तासांत हात थरथरणे, घाम, डोळ्यांपुढे अंधारी असे काही झाले तर ते थकव्यावर ढकलू नये. साखर उतरलेली असू शकते आणि ते डॉक्टरांना सांगायलाच हवे. पाण्याचेही तसेच. व्यायामानंतर तहान लागली म्हणून घटाघटा पिणे आता आपल्याला जमत नाही, त्यामुळे दिवसभर घोट घोट पीत राहणे हाच मार्ग उरतो. आणि तपासणीला जाल तेव्हा लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड एकदम पाहून घ्या.

पायवाट

सर्वांचे आभार. चाचणी केली, आकडा आला नऊ. दहाव्या वेळी उठताना हात आपोआप मांडीवर गेले.

मोजपट्टी यांचे वाचून तीन दिवस तोंडात गेलेले सगळे वजन करून लिहिले. प्रथिने सरासरी ४१ ग्रॅम निघाली. माझा अंदाज नऊ ग्रॅमनी चुकत होता. त्याहून लाजिरवाणी नोंद दुपारी चारची आहे. चहाबरोबर दोन बिस्किटे मी मोजतच नव्हते, आणि ती दोन नसून पाच होती. जेवणाचे चार घास होताच पोट भरते, मग ही पाच कशी जातात याचेच आश्चर्य वाटते.

मोजपट्टी

त्यात आश्चर्य नाही. बिस्किटे चहात भिजली की त्यांचा लगदा होतो, तो जठरात थांबत नाही आणि भरल्याची जाणीवही देत नाही. शस्त्रक्रियेने जागा कमी केली, पण त्या जागेतून सरकणाऱ्या पदार्थांना ती अडवू शकत नाही. मी चहा ठेवला आणि बिस्किटांच्या जागी प्रथिने आणली, त्यातही जेवण आणि पेय यांत अर्ध्या तासाचे अंतर. प्रथिनांचे ध्येय बहुतेक ठिकाणी दिवसाला किमान ६० ग्रॅम सांगतात. ताकदीचा व्यायाम सुरू करताना तुमच्यासाठी नेमके किती, हे आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्या.

वजनाचा काटा आठवड्यातून एकदाच वापरा आणि कंबर, मांडी यांची मापे पंधरा दिवसांनी घ्या. नवा व्यायाम सुरू झाला की स्नायू काही दिवस पाणी धरून ठेवतात आणि वजन चक्क किलोभर वाढूही शकते. पहिल्या आठवड्यात मी त्याच कारणाने सोडून देणार होतो.

आणखी एक, थोडे कटू वाटेल असे. शस्त्रक्रियेनंतरच्या व्यायामामुळे काट्यावर पडणारा जादा फरक सरासरीने दोन-तीन किलोंचाच असतो. त्याचा खरा लाभ स्नायू, हाडे आणि दम टिकण्यात आहे. तुमची आतापर्यंतची घट मूळ वजनाच्या २७ टक्के होते. १९८७ साली सुरू झालेल्या स्वीडिश ओबीस सब्जेक्ट्स या लठ्ठपणावरील शस्त्रक्रियांच्या अभ्यासात बायपास झालेल्यांची घट दहा वर्षांनी सुमारे २५ टक्क्यांवर टिकली होती. त्यात स्लीव्ह नव्हती, तेव्हा आकडा जसाच्या तसा लावू नका. पण तुम्ही मागे पडलेल्या नाही एवढे त्यावरून कळते. बहुतेकांचे वजन बारा ते अठरा महिन्यांपर्यंत उतरत राहते, फक्त पहिल्या सहा महिन्यांचा वेग पुन्हा येत नाही.

पायवाट

चार आठवड्यांनी लिहीत आहे. सर्जननी व्यायामाला परवानगी दिली, हर्निया नाही. लोह कमी निघाले, त्याची गोळी सुरू झाली आणि ती कॅल्शियमपासून दोन तास दूर ठेवायला सांगितली आहे. पहिल्या आठवड्यात वजन खरोखरच ८६.९ झाले, आज ८४.८ आहे. कंबर चार सेंटिमीटरनी कमी झाली, आणि खुर्चीचा आकडा चौदावर आला. प्रथिने रोज ६० च्या वर जात आहेत, चारचा चहा आता एकटाच असतो.

एक प्रश्न उरला आहे. पिवळ्या रबरी पट्ट्याने पंधरा आवर्तने सहज होतात. पुढच्या रंगाचा पट्टा घ्यावा का?

सांधा

घ्या, पण रंगांचा क्रम कंपनीनुसार बदलतो, त्यामुळे रंग विचारू नका, दुकानातच ताणून पाहा. दहाव्या आवर्तनाला कोपर मागे नेताना वेग मंदावला पाहिजे.